ठशांवर मोठा झालेला चित्रकार: अल्ब्रेख्त ड्यूरर

जोडलेल्या दोन हातांचं ते चित्र बघितलंय ना तुम्ही? निळा कागद, लांबसडक बोटं, हातावरच्या शिरा दिसतायत, मनगटाशी बाही दुमडलेली. त्याच्यासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट फिरत असते. गरीब घर, अठरा मुलं, त्यातल्या दोघा भावांना चित्रकार व्हायचं असतं, मग नाणं उडवतात, एक शिकायला जातो आणि दुसरा त्याच्या शिक्षणाचे पैसे भरायला खाणीत राबतो, आणि शेवटी त्याची बोटं इतकी कामातून जातात की त्याला ब्रश धरता येत नाही, म्हणून चित्रकार झालेला भाऊ त्याच हातांचं चित्र काढतो. वाचून डोळ्यात पाणी येतं, मलाही आलं होतं. पण ती गोष्ट खरी नाहीये. अठरा मुलं खरी, खाण आणि नाणं मागाहून कोणीतरी जोडलेलं.

ते हात 1508 सालचे. चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूरर, जर्मनीतल्या न्युरेंबर्गचा. फ्रँकफर्टच्या याकोब हेलर नावाच्या व्यापाऱ्याने चर्चमध्ये लावायला एक मोठं चित्र सांगितलं होतं, त्या चित्रात एक प्रेषित (येशूचा शिष्य) हात जोडून आहे, त्या हातांची ही तयारी. म्हणजे आपण घर बांधायच्या आधी कागदावर नकाशा काढतो ना, तसं. आता ज्या चित्रासाठी ही तयारी केली त्याचं काय झालं ते ऐका, कारण ड्यूररचं अख्खं करिअर मला तिथूनच कळलं.

सौदा ठरला 130 गुल्डनला (गुल्डन म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं). ड्यूरर कामाला लागला आणि काम वाढतच गेलं, महागडा निळा रंग, थरावर थर, महिनोन्महिने मेहनत. मग त्याने हेलरला पत्रं लिहिली की एवढ्यात परवडत नाही, 200 द्या. हेलर भडकला, खूप पत्रापत्री झाली, शेवटी 200 मिळाले. ही पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यात एका ठिकाणी ड्यूरर म्हणतो की हे चित्र नीट स्वच्छ ठेवलंत तर 500 वर्षं ताजं राहील, आणि दुसऱ्या ठिकाणी म्हणतो की आता बास, यापुढे मी माझ्या कोरीवकामालाच लागतो, आधीपासून तेच केलं असतं तर आज 1000 गुल्डनने श्रीमंत असतो.

पुढे ते चित्र म्युनिकच्या राजवाड्यात गेलं आणि 1729 च्या आगीत जळालं. आज त्याची दुसऱ्या माणसाने केलेली कॉपी तेवढी आहे. आणि तयारी म्हणून काढलेले ते हात व्हिएन्नाच्या अल्बर्टिना म्युझियममध्ये सुखरूप आहेत.

तर ते 'कोरीवकाम' म्हणजे काय, आणि एका चित्रकाराला पेंटिंगपेक्षा त्यात जास्त पैसे कसे काय दिसले, हे आधी समजून घेऊ. हे कळलं की बाकीचा ड्यूरर सोपा आहे.

शाळेत भेंडीचे ठसे काढलेत ना? भेंडी आडवी कापली, रंगात बुडवली, कागदावर दाबली की फूल. बटाट्यावर नक्षी कोरूनही करतात. त्यात जो भाग वर राहतो त्याला रंग लागतो आणि तोच छापला जातो, खणून काढलेला भाग पांढरा राहतो. लाकडी ठसा म्हणजे हेच, फक्त बटाट्याच्या जागी गुळगुळीत केलेली लाकडाची फळी. फळीवर चित्र काढायचं आणि रेषा सोडून बाकीचं सगळं लाकूड चाकूने खरवडून टाकायचं. नीट विचार करा, एक बारीक काळी रेषा उभी ठेवायची तर तिच्या दोन्ही बाजूचं लाकूड काढावं लागतं, तेही रेष न मोडता, आणि सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं. जर्मनीत फक्त हे कोरायचं काम करणारे वेगळे कारागीर होते, चित्र चित्रकाराचं आणि कोरणारा हात बहुतेक वेळा त्यांचा. याचा फायदा म्हणजे ठसा पुस्तकाच्या खिळ्यांबरोबर (म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांबरोबर) एकाच प्रेसमध्ये बसायचा, म्हणजे चित्र आणि मजकूर एकदम छापता यायचा, आणि एका ठशातून प्रती निघायच्या हजारोंनी.

तांब्याच्या पत्र्यावरचं काम बरोब्बर याच्या उलटं. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालतात बघा. माझ्या आजीचा एक तांब्याचा हंडा आहे, त्यावर तिच्या आईचं नाव आणि गाव कोरलेलं आहे, आणि पितांबरीने घासला की कितीही धुवा, त्या अक्षरांच्या खाचांत पावडर अडकून राहते, म्हणजे हंडा लख्ख तांबूस आणि अक्षरं पांढरी. आता पितांबरीच्या जागी काळी शाई आहे असं समजा. पत्र्यावर ब्युरिन नावाच्या टोकदार हत्याराने रेषा कोरायच्या, शाई चोळायची, वरची शाई पुसून टाकायची, खाचांतली तेवढी राहते, मग ओलसर कागद ठेवून रोलरखाली जोरात दाबायचं, कागद खाचेत शिरून शाई उचलून आणतो. रेष केसाएवढी बारीक येऊ शकते. पण पत्रा झिजतो, काहीशे चांगल्या प्रती निघाल्या की पुढच्या फिक्या पडायला लागतात. आणि ब्युरिन हे मुळात सोनारांचं हत्यार.

आता ड्यूररचा जन्म कुठला, तर 21 मे 1471, सोनाराच्या घरी. वडील हंगेरीतून आलेले, 1455 मध्ये न्युरेंबर्गला पोचले. त्यांच्या मूळ गावाच्या नावात हंगेरियन भाषेतला 'दार' हा शब्द होता, त्याचं जर्मन करून ट्यूरर आणि त्याचं पुढे ड्यूरर झालं, घराण्याच्या चिन्हावर पण उघडं दार आहे. अठरा मुलांपैकी मोठी झाली फक्त तीन. मुलाने आधी वडिलांच्याच हाताखाली सोनारकाम शिकलं. तेराव्या वर्षी आरशात बघून त्याने स्वतःचं एक चित्र काढलं, चांदीच्या तारेच्या टोकाने, ज्यात खोडरबर चालतच नाही, आणि ते बघून कोणीही म्हणेल की हा मुलगा वेगळा आहे. मग म्हणाला मला चित्रकार व्हायचंय. वडिलांना वाईट वाटलं, शिकवण्यात घातलेली वर्षं वाया गेली म्हणून, पण त्यांनी जाऊ दिलं. हे त्याने स्वतःच घराण्याच्या टिपणांत लिहून ठेवलंय. खाणीच्या कहाणीपेक्षा मला तर हा बाप जास्त जवळचा वाटतो.

1486 मध्ये तो मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे तीन वर्षं शिकायला राहिला. वोल्गेमुटकडे पुस्तकांसाठी लाकडी ठसे बनायचे. आणि ड्यूररचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी उभा राहिलेला माणूस, होता अँटोन कोबर्गर, जो आधी सोनार होता आणि नंतर मोठा छापखानेवाला झाला. बघा कसं जुळून आलंय, एका बाजूला ब्युरिन, दुसऱ्या बाजूला ठसे आणि तिसऱ्या बाजूला प्रेस, सगळं घराच्या अंगणात. छपाईचं तंत्र तोवर जेमतेम तीन-चार दशकांचं होतं, म्हणजे आपल्या पिढीला इंटरनेट जेवढं जुनं, साधारण तेवढंच.

शिकून झाल्यावर रिवाजाप्रमाणे चार वर्षं गावोगाव भटकला. त्या काळात तांब्यावर कोरण्यात सगळ्यात मोठं नाव मार्टिन शोनगाउअर, त्याला भेटायला कोलमारला गेला तर तो आधीच वारलेला. परत आल्यावर जुलै 1494 मध्ये आग्नेस फ्रायशी लग्न झालं आणि काही महिन्यांतच शहरात प्लेगची साथ असताना हा इटलीकडे निघाला. येऊन 1495 मध्ये स्वतःचा वर्कशॉप टाकला.

आणि 1498 मध्ये त्याने जे केलं ते तोवर क्वचितच कोणा चित्रकाराने केलं असेल. बायबलच्या शेवटच्या भागातल्या जगाच्या अंताच्या वर्णनावर 15 मोठे लाकडी ठसे, एका बाजूला मजकूर, समोर पानभर चित्र, जर्मन आणि लॅटिन अशा दोन आवृत्त्या, आणि प्रकाशक तो स्वतः. कोणी ऑर्डर दिलेली नाही, कोणी राजा नाही, बिशप नाही, खर्च स्वतःचा, जोखीम स्वतःची. 1500 साल जवळ येत होतं, जगबुडी होणार म्हणून लोक घाबरलेले, त्यामुळे विषयही अचूक पकडला. त्यातलं चार घोडेस्वारांचं चित्र मोबाइलवर नीट झूम करून बघा. रोगराई, युद्ध, दुष्काळ आणि मृत्यू असे चौघं एका तिरक्या रेषेत दौडत येतायत आणि खाली माणसं चिरडली जातायत, राखाडी रंग म्हणून जो वाटतो तो सगळा रेषांच्या दाटीमुळे, रंग एकच काळा. वयाच्या 27 व्या वर्षी त्याचं नाव युरोपभर झालं, आणि एकही पेंटिंग त्यासाठी कुठे न्यावं लागलं नाही, प्रिंट घडी घालून पिशवीतून जातात.

विकायचं कोण? घरातल्या बायका. आई बाजारात ठेला लावायची, आग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेला जायची. आग्नेसबद्दल इतिहासात फार वाईट लिहिलं गेलं, ड्यूररचा जिगरी दोस्त विलिबाल्ड पिर्कहायमरने त्याच्या मृत्यूनंतर एका पत्रात तिला लोभी आणि कटकटी ठरवलं आणि मग शेकडो वर्षं सगळे तेच उगाळत बसले. मला हे अतिशय अन्यायाचं वाटतं. ज्या धंद्यावर नवऱ्याचं स्वातंत्र्य उभं होतं तो धंदा ती सांभाळत होती.

प्रिंट विकायला लागल्या की कॉपी होणारच. म्हणून त्याची सही फार महत्त्वाची, मोठा ए आणि त्याच्या पायांमध्ये छोटा डी, आजच्या भाषेत लोगो. इटलीत मार्कान्टोनिओ राइमोंदी नावाच्या एका हुशार कोरणाऱ्याने ड्यूररचे लाकडी ठसे तांब्यावर जसेच्या तसे उतरवले, सहीसकट. वासारी हा जुना इटालियन चरित्रकार सांगतो की ड्यूररने व्हेनिसच्या सरकारकडे तक्रार केली आणि निकाल असा लागला की चित्राची कॉपी चालेल, सही वापरायची नाही. 1512 मध्ये न्युरेंबर्गमध्येही असंच झालं, टाउन हॉलखाली एक परका माणूस खोट्या सहीच्या प्रिंट विकत होता, नगरपालिकेने सांगितलं सही काढ नाहीतर माल जप्त. गंमत लक्षात घ्या, चित्राची कल्पना कोणाच्या मालकीची असू शकते हे तेव्हा कायद्याच्या डोक्यातच नव्हतं, पण नाव मालकीचं असतं हे पटत होतं. आज आपण कॉपीराइट आणि ट्रेडमार्क असे दोन वेगळे शब्द वापरतो, त्यातला ट्रेडमार्क त्याला मिळाला आणि कॉपीराइट नाही. त्याने आपल्या ठशांच्या पुस्तकाच्या 1511 च्या आवृत्तीच्या शेवटी दुसऱ्यांची मेहनत चोरणाऱ्यांना चांगला दम भरलाय आणि सम्राटाचं संरक्षण आहे असंही छापलंय.

मधल्या काळात, 1505 ते 1507, तो परत व्हेनिसला होता. तिथून पिर्कहायमरला लिहिलेली पत्रं फार गोड आहेत. तिथला नावाजलेला चित्रकार, म्हाताऱ्या जोव्हान्नी बेल्लिनीने आपलं कौतुक केलं हे अभिमानाने सांगतो, आणि म्हणतो की इथे मी साहेब आहे, घरी मात्र आयतोबा, या उन्हानंतर तिकडे किती थंडी वाजेल मला. इटलीत चित्रकाराला विद्वानाचा मान होता, जर्मनीत सुतार-लोहारासारखा कारागीर समजत. 1500 सालच्या त्याच्या आत्मचित्रात, जे आता म्युनिकला आहे, तो एकदम समोर बघतोय, लांब केस, हात छातीशी, जसा तेव्हा फक्त येशू ख्रिस्त दाखवत. गर्व म्हणून काहीजण नावं ठेवतात, मला त्यात सोनाराच्या मुलाचं ठाम म्हणणं दिसतं की माझं काम हाताचं असलं तरी डोक्याचं पण आहे.

आता गेंडा. याचा धागा आपल्या गोव्यातून जातो. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडे दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली, सुलतानाने परवानगी दिली नाही पण भेट म्हणून जिवंत गेंडा दिला. तो जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून जहाजाने निघाला आणि 20 मेला लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी बघितलाच नव्हता. कोणीतरी लिस्बनहून वर्णनाचं पत्र आणि एक कच्चं स्केच जर्मनीला पाठवलं आणि त्यावरून ड्यूररने, गेंडा जन्मात न बघता, लाकडी ठसा केला. अंगावर चिलखतासारखे पत्रे, त्यांना जणू रिव्हेट मारलेत, पायांवर खवले, आणि मानेच्या मागे एक पीळदार छोटं शिंग जे कुठल्याच गेंड्याला नसतं. वरच्या मजकुरात साल पण चुकून 1513 छापलंय.

त्याच वेळी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही त्याच गेंड्याचा ठसा केला, तो जास्त बरोबर आहे, पायात बांधलेली दोरी पण दाखवलीय. त्याची आज जगात एकच प्रत शिल्लक आहे. ड्यूररचा चुकीचा गेंडा मात्र इतका छापला आणि इतक्यांदा कॉपी झाला की पुढची दोन-अडीचशे वर्षं प्राण्यांच्या पुस्तकात गेंडा म्हणजे हाच. बिचारा खरा गेंडा पोर्तुगालच्या राजाने पोपला भेट म्हणून रवाना केला आणि 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, साखळ्यांनी जखडलेला म्हणून पोहताही आलं नाही.

ठशाच्या बाजारातलं हे झालं, आता तांब्याकडे येते, कारण त्याचं सगळ्यात खोल काम तिथे आहे. 1513-14 मध्ये त्याने तीन पत्रे कोरले, त्यातला 'मेलेंकोलिया' म्हणजे उदासी. पंख असलेली एक बाई गालावर मूठ टेकून बसलीय, आजूबाजूला करवत, रंधा, खिळे, तराजू, वाळूचं घड्याळ, शिडी, वेटोळं करून पडलेलं हडकुळं कुत्रं. सगळी हत्यारं आहेत आणि काही सुचत नाहीये. कधीही काहीही बनवायला बसलेल्या माणसाला ही अवस्था समजेल. तिच्या डोक्यामागे भिंतीवर सोळा आकड्यांचा चौकोन आहे, आडवे, उभे, तिरपे कसेही मिळवा, बेरीज 34. खालच्या ओळीत 4, 15, 14, 1, मधले दोन जोडले की 1514. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची आई गेली. त्याआधी दोन महिने त्याने कोळशाने तिचं चित्र काढलं होतं, 63 वर्षांची, गालाची हाडं वर आलेली, मानेच्या शिरा ताणलेल्या, एक डोळा किंचित दुसरीकडे बघणारा. अठरा बाळंतपणं आणि पंधरा मुलांचे मृत्यू त्या चेहऱ्यात दिसतात. काही गोड केलेलं नाही, आणि म्हणून ते मला त्याचं सगळ्यात प्रेमळ चित्र वाटतं.

सम्राट माक्सिमिलियानने त्याला वर्षाला 100 गुल्डनची पेन्शन लावून दिली होती, आणि बदल्यात 195 ठसे जोडून बनणारी तीन मीटरहून उंच कागदी विजय-कमान वगैरे कामं करून घेतली. 1519 मध्ये सम्राट गेला, पेन्शन थांबली. नवा सम्राट पाचवा चार्ल्स, त्याची मंजुरी आणायला 1520 मध्ये ड्यूरर, आग्नेस आणि मोलकरीण सुझाना असे तिघं नेदरलँड्सला निघाले, प्रिंटचे गठ्ठे बरोबर घेऊन. वर्षभराची डायरी आहे, किती प्रिंट विकल्या, किती कोणाला भेट दिल्या, जेवणाला किती लागले. ब्रसेल्सला त्याने मेक्सिकोहून आलेलं सोनं बघितलं, सोन्याचा सूर्य आणि चांदीचा चंद्र, आणि लिहिलं की आयुष्यात कशानेही मन इतकं आनंदलं नव्हतं. पेन्शन मंजूर झाली. पण झीलंडला (नेदरलँड्सच्या समुद्राकडच्या भागात) एक देवमासा किनाऱ्याला लागलाय असं ऐकून डिसेंबरच्या थंडीत तिकडे धावला, पोचेपर्यंत देवमासा लाटेने परत नेलेला, आणि याला त्या सफरीत जो ताप लागला त्याने पुढे कायमची पाठ धरली.

शेवटची वर्षं त्याने लिहिण्यात घातली. 1525 मध्ये भूमितीचं पुस्तक काढलं, लॅटिनमध्ये नाही, जर्मनमध्ये, वर्कशॉपमधल्या पोरांसाठी, कारण त्याचं म्हणणं होतं की आपली पोरं हाताने तयार होतात पण मापाचं शास्त्र त्यांना कोणी शिकवत नाही. जर्मनमध्ये शब्दच नव्हते, तर कारागिरांच्या बोलीतून बनवले, सर्पिल रेषेला गोगलगाय-रेषा, लंबवर्तुळाला अंडं-रेषा. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक एकदा चाळावं असं मला मनापासून वाटतं.

6 एप्रिल 1528 ला तो गेला, 56 वर्षांचा, मूल नव्हतं. मागे 6874 गुल्डनची मालमत्ता होती, हेलरने त्या चित्राचे दिलेले 200 आठवतात ना, त्याच्या चौतीस पट. माणसाच्या शरीराच्या प्रमाणावरचं त्याचं पुस्तक काही महिन्यांत छापून आलं, आणि गेंड्याचा ठसा तर या हातातून त्या हातात फिरत छापला जातच राहिला. नंतरच्या काळातल्या प्रती नीट बघितल्या तर गेंड्याच्या पायांतून आडवी पांढरी रेघ गेलेली दिसते, तिथे लाकूड तडकलंय, आणि इकडेतिकडे बारीक पांढरे ठिपके आहेत, ती किड्यांनी पाडलेली भोकं.